उच्चदाब झडपांतील गळतीरोधन

वाफ, नैसर्गिक वायू, हायड्रोजन किंवा तप्त तेल मोठ्या दाबाखाली वाहून नेणाऱ्या नळमार्गावरील झडप बंद असताना आतून पाझरू नये आणि कोणत्याही स्थितीत बाहेर गळू नये, यासाठी तिच्या रचनेत, घडणीत, साठवणुकीत आणि देखभालीत जी व्यवस्था केली जाते, तिला गळतीरोधन म्हणतात. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर ठाण्यात वागळे इस्टेट आणि खाडीपलीकडे दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे असा औद्योगिक पट्टा उभा राहिला. तेथील रासायनिक कारखान्यांत आणि बॉयलर घरांत झडपांची गळती हा देखभाल विभागाचा नेहमीचा विषय आहे. दाब वाढला की महागडा रोधक (फट बुजवणारी रिंग किंवा भरण) घ्यावा, असा सर्वसाधारण समज असतो; परंतु झडप टिकते ती रोधकाच्या किमतीपेक्षा त्याच्यावर सतत राहणाऱ्या दाबामुळे आणि तो ज्या पृष्ठभागावर टेकतो त्याच्या स्थितीमुळे.

झडपेची दाबक्षमता वर्गांकाने सांगतात. अमेरिकी यांत्रिकी अभियंता संस्थेच्या बी १६.३४ या मानकानुसार सामान्य कार्बन ओतीव पोलादाची ६०० वर्गाची झडप नेहमीच्या तापमानाला सुमारे १०२ बार (एक बार म्हणजे जवळपास वातावरणाचा दाब), १५०० वर्गाची सुमारे २५५ बार आणि २५०० वर्गाची सुमारे ४२५ बार दाब सहन करते. तापमान चढले की ही मर्यादा उतरते, त्यामुळे केवळ वर्गांक पाहून निवड करणे धोक्याचे ठरते. गळती प्रामुख्याने सीट (बंद होताना झडपेचा हलता भाग जिथे टेकतो ती बैठक), स्पिंडलभोवतीचे पॅकिंग (झडप उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या दांड्याभोवतीची रोधक रिंगांची भरण) आणि बॉडी-बॉनेटचा (झडपेचे शरीर व तिचे झाकण यांचा) जोड येथे होते.

बॉनेटच्या जोडाचा प्रश्न रचनाकारांनी सर्वांत समाधानकारकपणे सोडवला आहे. अतिउच्च दाबावरील संशोधनासाठी १९४६ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या पर्सी ब्रिजमन यांनी आपल्या उपकरणांत अशी मांडणी केली होती की, रोधकावरचा दाब आतील द्रवाच्या दाबापेक्षा नेहमी जास्तच राहावा. वर्ग ९०० आणि त्यावरील वाफेच्या झडपांत आढळणारे ‘प्रेशर सील’ बॉनेट याच तत्त्वाच्या जवळचे आहे. आतील दाब बॉनेटला वर ढकलतो आणि पाचरीच्या आकाराची रिंग बॉडीच्या भिंतीवर अधिक घट्ट दाबली जाते. अशा रचनेची दुसरी बाजू म्हणजे दाब कमी असताना, विशेषतः संयंत्र सुरू करताना, जोड सैल राहू शकतो. म्हणूनच बॉनेटचे बोल्ट दाब चढल्यावर, निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे, पुन्हा आवळावे लागतात. पाण्याची उच्चदाब चाचणी पार केलेली झडप कमी दाबाच्या हवेवर बुडबुडे सोडते, याचेही कारण पुष्कळदा हेच असते.

स्पिंडलचे पॅकिंग मात्र अधिक हट्टी असते. ॲस्बेस्टॉस मागे पडल्यावर लवचिक ग्रॅफाइट हा उच्च तापमानासाठी प्रमुख पदार्थ झाला. पीटीएफई (टेफ्लॉन) रसायनांना दाद देत नाही, पण सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या पुढे उपयोगी नाही. ग्लँड, म्हणजे पॅकिंग वरून दाबणारा भाग, आवळल्यावर वरच्या रिंगेवर पडणारा जोर घर्षणामुळे खालच्या रिंगांपर्यंत घटत घटत पोहोचतो. त्यामुळे स्टफिंग बॉक्समध्ये (पॅकिंग बसते त्या पोकळीत) जितक्या जास्त रिंगा तितका चांगला रोध, ही कल्पना चुकीची आहे. साधारण पाच रिंगा पुरतात. बॉक्स खोल असेल तर खाली कार्बनचे बुश बसवून उरलेली जागा भरतात. रिंगांचे तिरके कापलेले सांधे एकाखाली एक येऊ न देता फिरवून बसवणे, प्रत्येक रिंग स्वतंत्र दाबणे आणि ग्लँडचे दोन्ही नट आळीपाळीने आवळणे ही कामे साधी असली तरी शटडाउनच्या (देखभालीसाठी संयंत्र बंद ठेवण्याच्या) घाईत नेमकी तीच सुटतात. एक नट पुढे गेला की ग्लँड तिरका होऊन स्पिंडलला घासतो. नव्या पॅकिंगनंतर स्पिंडल काही वेळा वर-खाली फिरवून नट पुन्हा आवळले नाहीत, तर ग्रॅफाइट बसते आणि जोर ओसरतो. हा ओसरता जोर भरून काढण्यासाठी ग्लँडच्या बोल्टवर चकतीच्या आकाराच्या स्प्रिंगांची चळत लावतात. गरजेपेक्षा जास्त आवळणेही घातकच, कारण घर्षण वाढून ॲक्च्युएटरवर (हाताऐवजी यंत्रणेच्या जोरावर) चालणारी झडप अर्धवटच बंद होते.

खाडीची खारी हवा आणि पावसाळ्याचे चार महिने यांमुळे या पट्ट्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरते. हायड्रो टेस्टनंतर (पाण्याच्या दाबचाचणीनंतर) पॅकिंगमध्ये पाणी राहिले आणि झडप ताडपत्रीखाली पडून राहिली, तर ग्रॅफाइट आणि १३ टक्के क्रोमियमच्या पोलादी स्पिंडलमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. ग्रॅफाइट सुरक्षित राहते, झिजतो तो स्पिंडल. पॅकिंग काढून पाहिल्यास ज्या उंचीवर रिंगा होत्या, तेवढ्याच पट्ट्यात टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसतात. अशा स्पिंडलवर कितीही उत्तम पॅकिंग घातले तरी ते प्रत्येक हालचालीत किसले जाते. उपाय मुळाशी आहेत: चाचणीनंतर झडप सुकवणे, ओले पॅकिंग बदलणे, गंजरोधक मिसळलेले ग्रॅफाइट वापरणे, तोंडे टोप्यांनी बंद करून माल छपराखाली ठेवणे. हा खर्च खरेदी विभागाला अनाठायी वाटतो, कारण त्याचा लाभ देखभाल विभागाच्या खात्यात जमा होतो.

सीटच्या बाबतीत पहिला पाझर किरकोळ मानू नये. बंद झडपेतून निसटणारा वाफेचा झोत धातूत चर पाडतो आणि चर पडला की झोत वाढतो. म्हणून सीटवर कोबाल्ट-क्रोमियमच्या स्टेलाइट मिश्रधातूचा थर देतात. दुरुस्तीत फिटर वेजच्या (सीटवर टेकून मार्ग अडवणाऱ्या पाचरीच्या) तोंडाला निळ्या रंगाचा पातळ थर लावतो, झडप हलकेच मिटवून उघडतो आणि सीटवर उमटलेले वलय पाहतो. ते अखंड येईपर्यंत लॅपिंग, म्हणजे बारीक घासकाम, चालू राहते. दुहेरी सीटच्या झडपेत दोन सीटांमध्ये द्रव अडकून तापला तर पोकळीतील दाब बेसुमार वाढतो, त्यासाठी तो आपोआप सोडणारी सीट किंवा निर्धारित बाजूला छिद्र ठेवले जाते.

वायूच्या झडपांतील रबरी ओ-रिंगांत उच्च दाबाखाली वायू मुरतो. दाब एकदम सोडला तर तो आतून फुगून रबर फाटते. योग्य प्रतीचे रबर आणि दाब सावकाश उतरवणे, या दोन्हींची गरज असते. दाबामुळे रिंग फटीत ओढली जाऊ नये म्हणून मागे कठीण आधाररिंग देतात.

चाचणीसाठी अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचे ५९८ हे मानक सर्वत्र वापरले जाते. त्यानुसार बॉडीची चाचणी कार्यदाबाच्या दीडपट आणि सीटची उच्चदाब चाचणी १.१ पट दाबावर होते. कमी दाबाची चाचणी साधारण ४ ते ७ बार हवेवर घेतात. स्पिंडलमधून निसटणाऱ्या सूक्ष्म वायूंसाठी आयएसओ १५८४८ हे वेगळे मानक आहे. बॉयलरवरील झडपांना १९५० च्या भारतीय बॉयलर विनियमांखालील प्रमाणपत्रही लागते. चालू लाइनवर गळती आढळल्यास ग्लँड थोडा आवळून पाहतात. तेवढ्याने न थांबल्यास, दाब न काढता, छिद्रातून रोधक लगदा भरणे हा तात्पुरता मार्ग उरतो, आणि अशी झडप पुढच्या शटडाउनच्या यादीत लिहिली जाते.