आयएफकॉन्फिग

युनिक्स कुळातल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर नेटवर्क कार्डाला आयपी पत्ता देणारी, कार्ड चालू-बंद करणारी आणि त्याची सध्याची स्थिती दाखवणारी कमांड. बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीमधून १९८३ साली ती टीसीपी/आयपी या इंटरनेटच्या संपर्क-नियमांबरोबरच आली.

कमांडपुढे कार्डाचे नाव, पत्ता आणि नेटमास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा) लिहिला की काम होते. बीएसडीत कार्डाचे नाव ड्रायव्हरवरून (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमवरून) पडते : इंटेलचे ईएम०, रिअलटेकचे आरई०. लिनक्सवर वर्षानुवर्षे सरसकट ईटीएच० चालायचे.

मास्क द्यायचा राहिला तर मात्र गंमत होते. लिनक्सवर नुसता १०.१.२.३ दिला, तर जुन्या वर्गपद्धतीनुसार (पत्त्याच्या पहिल्या आकड्यावरून मास्क ठरवण्याच्या रीतीनुसार) मास्क २५५.०.०.० धरला जातो. मग १० ने सुरू होणारा प्रत्येक पत्ता आपल्याच तारेवर आहे असे यंत्र समजते आणि त्यांच्यासाठीची पॅकेट गेटवेकडे (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या यंत्राकडे) पाठवतच नाही. इंटरनेट छान चालते, पण शेजारच्या इमारतीतला, १० नेच सुरू होणाऱ्या पत्त्याचा सर्व्हर काही केल्या सापडत नाही. असा दोष शोधताना लोक आधी केबलच बदलून बघतात.

या कमांडने केलेला बदल फक्त कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) स्मृतीत राहतो. रीबूट झाले की गेला. कायमची नोंद बीएसडीच्या वंशातल्या फ्रीबीएसडीत आरसी डॉट कॉन्फ या फाइलीत, तर ओपनबीएसडीत कार्डागणिक वेगळ्या होस्टनेम फाइलीत करतात. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने (दुरून सुरक्षितपणे कमांड चालवण्याच्या सोयीने) काम करणारे जाणकार याच तात्पुरतेपणाचा फायदा घेतात : दहा मिनिटांनंतरचा रीबूट आधी लावून ठेवायचा, मग पत्ता बदलायचा. चुकलेच, तर यंत्र जुन्या पत्त्यावर परत येते.

लिनक्सवर ही कमांड आता मागे पडली आहे. तिची जागा आयपीरूट२ संचातल्या 'आयपी' कमांडने घेतली. डेबियन या लिनक्स वितरणाच्या ९ व्या आवृत्तीपासून (२०१७) आयएफकॉन्फिग आपोआप बसवलीही जात नाही. कारण नुसत्या फॅशनचे नाही. 'आयपी'ने एकाच कार्डाला लेबल (वेगळे उपनाव) न लावता दुसरा पत्ता दिला, तर तो आयएफकॉन्फिगला दिसतच नाही. बीएसडीवाल्यांनी उलट जुन्याच कमांडला वाढवत नेले; ओपनबीएसडीत वायफायचे नाव आणि पासवर्डही तिच्यातूनच देतात.