मॉसफेट बंद असतानाही करंट मागे का येतो?

सोलर झटका मशीन, चार्ज कंट्रोलर आणि घरगुती इन्व्हर्टर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

भात पोटरीत आलं की खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडची मंडळी झटका मशीनचे (पिकाच्या कुंपणाच्या तारेत झटका सोडणाऱ्या यंत्राचे) कंट्रोलर घेऊन आमच्याकडं बेळगावात उद्यमबागेत येतात. तक्रार बहुतेक एकच असते. दिवसभर पॅनेलवर ऊन होतं, संध्याकाळी बॅटरी भरलेली दिसली, रात्री मशीन बंद ठेवून पाहिलं, तरी सकाळी बॅटरी उतरलेली. डबा उघडला की कारण पुष्कळदा समोरच दिसतं. दोन मॉसफेटपैकी (म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांपैकी) एक काढलेला असतो आणि त्याच्या जागी तारेचा तुकडा जोडलेला असतो. दुरुस्ती करणाऱ्याला वाटतं, एकानं काम होतंय, दुसरा कशाला? हा दुसरा कशाला, तेच सांगण्यासाठी हे पत्रक काढलं आहे.

मॉसफेटला तीन पाय असतात: गेट, ड्रेन आणि सोर्स. गेटवर पुरेसं व्होल्टेज दिलं की ड्रेन आणि सोर्स यांच्यामध्ये वाट तयार होते, काढलं की वाट मिटते. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण आतली रचना अशी आहे की सोर्सची धातूची पट्टी खालच्या सिलिकॉनच्या थरालाही जोडलेली असते. ती तशी जोडली नाही तर मॉसफेटच्या पोटात एक नको असलेला ट्रान्झिस्टर तयार होतो आणि तो भलत्या वेळी चालू होऊ शकतो. ही जोडणी केल्यामुळं मात्र सोर्स आणि ड्रेन यांच्यामध्ये आपोआप एक डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग, बसतो. तो कुणी बाहेरून लावलेला नसतो, त्यामुळं काढताही येत नाही. नेहमीच्या एन-चॅनेल मॉसफेटमध्ये तो सोर्सकडून ड्रेनकडं करंट जाऊ देतो, गेटवर काहीही नसलं तरी.

शेतातल्या पाइपलाइनवरून हे चटकन कळेल. समजा पाइपवर कॉक आहे आणि त्याला वळसा घालून एक छोटी नळी काढली आहे, त्या नळीत एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं सोडणारा व्हॉल्व्ह, बसवला आहे. कॉक उघडा असेल तर पाणी दोन्ही दिशांनी जाईल. कॉक बंद केला तर एका बाजूचं पाणी पूर्ण अडेल, पण दुसऱ्या बाजूनं दाब आला की ते वळशाच्या नळीतून निघून जाईल. मॉसफेट म्हणजे हा कॉक आणि वळसा, दोन्ही एकत्र.

आता कंट्रोलरला दोन कामं करायची असतात. दिवसा बॅटरी भरली की पॅनेलचा करंट थांबवायचा, आणि रात्री बॅटरीचा करंट पॅनेलकडं जाऊ द्यायचा नाही. अंधारातलं बारा व्होल्टचं पॅनेल म्हणजे ३६ सेल, म्हणजे एकामागं एक जोडलेले ३६ डायोडच, आणि बॅटरीच्या बाजूनं पाहिलं तर ते सरळ दिशेनं असतात. एकच मॉसफेट असेल तर तो कसाही बसवा, यातलं एक काम राहतंच. एका दिशेनं बसवला तर रात्रीची गळती थांबते, पण भरलेल्या बॅटरीत दिवसा करंट डायोडमधून जातच राहतो, बॅटरी उकळते, पाणी आटतं. उलट बसवला तर ओव्हरचार्ज थांबतो आणि रात्री गळती सुरू होते.

चांगल्या पॅनेलची गळती फार नसते, हे खरं. पण हिशोब करून पाहा. ५० मिलिअँपिअर धरले तरी बारा तासांत ०.६ अँपिअर-तास जातात, महिन्यात १८. घाटमाथ्यावर आठ-आठ दिवस ऊन पडत नाही तेव्हा छोट्या बॅटरीला एवढी गळती भारी पडते. म्हणून आम्ही दोन मॉसफेट तोंडाला तोंड लावून, सोर्सला सोर्स जोडून बसवतो. दोन्ही बंद केले की दोघांचे डायोड एकमेकांविरुद्ध येतात आणि कोणत्याही बाजूनं करंट जात नाही. पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा वर गेल्याशिवाय कंट्रोलर त्यांना चालू करत नाही, कारण चालू मॉसफेट दोन्ही दिशांना सारखाच मोकळा असतो.

हा दोन्ही दिशांचा मोकळेपणा फार उपयोगी आहे. डायोडमधून १० अँपिअर गेले तर तिथं साधारण ०.८ व्होल्ट पडतात, म्हणजे ८ वॅट नुसती उष्णता. डब्याला हात लावला तर चटका बसेल. तोच करंट त्याच उलट दिशेनं, पण गेट चालू ठेवून ५ मिलिओहमच्या मॉसफेटमधून नेला तर ०.०५ व्होल्ट पडतात, उष्णता अर्धा वॅट. दोन मॉसफेट धरले तरी एक वॅट. वाट उघडी असली की करंट डायोडकडं वळतच नाही.

बॅटरीच्या तारा उलट लागल्या तर बोर्ड जळू नये म्हणून आमच्या डब्यात एक पी-चॅनेल मॉसफेट असतो. हा एन-चॅनेलच्या उलट, त्याचा डायोड ड्रेनकडून सोर्सकडं करंट जाऊ देतो. त्याचा ड्रेन बॅटरीकडं असतो, त्यामुळं तो उलटा बसवल्यासारखा दिसतो. तो तसाच असू द्या. सरळ बॅटरी लागली की आधी त्याच्या डायोडमधून करंट येतो, मग गेट चालू होतं. उलटी लागली तर गेट आणि डायोड दोन्ही बंद राहतात. एका दुरुस्तीत तो ‘सरळ’ करून दिलेला आम्ही पाहिला, आणि पुढच्याच वेळी अख्खा बोर्ड गेला.

घरगुती इन्व्हर्टरची गोष्ट वेगळी. लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये लाईट गेल्यावर जे मॉसफेट बॅटरीवरून घर चालवतात, लाईट आल्यावर त्यांच्याच डायोडमधून बॅटरी चार्ज होते. तिथं उलटा करंट हवाच असतो. मात्र अशा इन्व्हर्टरला बॅटरी उलटी जोडली तर वरचा-खालचा डायोड मिळून बॅटरी थेट शॉर्ट होते. फ्यूज उडाला तर तुमचं नशीब. जाड तार लावून फ्यूज बांधू नका, ही हात जोडून विनंती.

मॉसफेट स्वतः तपासायचा असेल तर तो बोर्डवरून काढा आणि आधी गेट-सोर्स क्षणभर एकमेकांना टेकवा, नाहीतर गेटवर उरलेला चार्ज फसवतो. मग मल्टिमीटर डायोडच्या सेटिंगवर ठेवून एन-चॅनेलच्या सोर्सला लाल आणि ड्रेनला काळी पिन लावा. ०.४ ते ०.६ च्या आसपास आकडा येईल, पिना बदलल्या की काही येणार नाही. दोन्हीकडं शून्याजवळ आलं तर मॉसफेट शॉर्ट आहे. पहिल्या मापात आकडा आला म्हणून चांगला मॉसफेट फेकून देणारे कमी नाहीत. तो आकडा आतल्या डायोडचा असतो.

कंट्रोलर जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल. दुरुस्तीला आणाल तेव्हा काढून ठेवलेले जुने मॉसफेटही सोबत आणा, त्यांच्यावरचा नंबर आम्हाला लागतो. हेच पत्रक कन्नडमध्ये हवं असल्यास काउंटरवर मागा.