मी ते आठेज शे

मे महिन्यातली दुपार. पुण्यात ऑफिसात होतो आणि फोनवर सूचना आली: तीन तासांत हालचाल नाही. अमळनेरजवळच्या गावी आई एकटी असते. मधल्या खोलीत मी हालचाल टिपणारा सेन्सर बसवला होता. आईचा फोन लागेना, म्हणून शेजारच्या काकूंना पळवलं. आई त्याच खोलीत गहू निवडत बसलेली! दोनदा उठून माठापाशीही जाऊन आली होती. काकूंच्या फोनवरून म्हणाली, "काय व्हयनं रे भाऊ? मी ते आठेज शे." (आमच्या अहिराणीत: काय झालं रे? मी तर इथेच आहे.)

बॅटरी संपली असेल म्हणून काकूंना बदलायला लावली. काहीच फरक पडला नाही. खरं कारण होतं डोक्यावरचा पत्रा.

हा सेन्सर माणूस पाहत नाही, उष्णतेतला फरक पाहतो. आपल्या अंगातून सतत अवरक्त किरण निघतात. त्यांचा जोर 9 ते 10 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असतो. सेन्सरच्या डबीत दोन छोटे तुकडे असतात, उष्णता बदलली की विद्युतभार निर्माण करणारे आणि एकमेकांना उलटे जोडलेले. सगळी खोली सारखीच तापली तर दोघांचे संकेत एकमेकांना खोडतात. माणूस आडवा गेला की आधी एकावर, मग दुसऱ्यावर ऊब पडते आणि संकेत उमटतो. (म्हणून डबी अशी लावावी की माणूस तिच्यासमोरून आडवा जाईल, थेट तिच्याकडे चालत येणारा तिला उशिरा कळतो.)

आता हिशेब बघा. त्वचेचं तापमान साधारण 33-34 अंश. जानेवारीत भिंत 20 अंशांवर, म्हणजे फरक भरपूर. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर पारा 43-44 वर जातो आणि पत्र्याखालची भिंत तापत तापत त्वचेच्याच तापमानाला येते. फरक जवळपास शून्य. आई चालत असते, पण सेन्सरच्या लेखी खोली रिकामी. गंमत म्हणजे भिंत आणखी तापली की माणूस तिच्यापेक्षा 'थंड' ठरतो आणि सेन्सर पुन्हा जागा होतो. धाब्याचं, म्हणजे मातीच्या जाड सपाट छताचं, जुनं घर असतं तर ही वेळ बहुधा आलीच नसती.

रडारचे सेन्सर मिळतात. ते श्वासाबरोबर होणारी छातीची काही मिलिमीटरची हालचालही पकडतात, उन्हाशी त्यांना देणंघेणं नाही. पण वीज जास्त खातात आणि फिरत्या पंख्याला फसू शकतात. आमच्याकडे दुपारी वीज जाते, आणि असते तेव्हा पंखा बंद नसतो.

शेवटी मोरीच्या दाराला चुंबकाचा खटका लावला. काचेच्या नळीत लोखंडी मिश्रधातूच्या दोन पट्ट्या. चुंबक जवळ असला की चिकटतात, दार उघडलं की सुटतात, आणि आई हिंडतेफिरते आहे हे कळतं. 45 अंशांतही बिनबोभाट चालतो.

रात्री आई अंगणात बाज टाकते. तिथे कसलाच सेन्सर नाही. काकूंची बाज मात्र हाकेच्या अंतरावर असते.