‘मापोगो’ : सहा सिंहांच्या नावामागचा इतिहास

दक्षिण आफ्रिकेतील साबी सँड या खासगी अभयारण्यात २००६ ते २०१२ या काळात सहा नर सिंहांनी जो दरारा निर्माण केला, त्याची छायाचित्रे आणि चित्रफिती आजही आवडीने पाहिल्या जातात. त्यांच्या क्रौर्याच्या कथा सर्वांना ठाऊक आहेत. त्या कथा ज्या नावाभोवती रचल्या गेल्या, त्या नावाचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही.

साबी नदीच्या परिसरात १८९८ मध्ये राखीव क्षेत्र घोषित झाले आणि १९२६ मध्ये त्यातून क्रूगर राष्ट्रीय उद्यान आकाराला आले. सुरुवातीच्या दशकांत हरणांची संख्या वाढावी म्हणून तेथे सिंहांना गोळ्या घातल्या जात, हे आज खरे वाटत नाही. पुढील घटनांच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष मात्र १९९३ हे आहे. क्रूगर आणि साबी सँड यांच्यामध्ये १९६१ पासून असलेले कुंपण त्या वर्षी काढण्यात आले आणि सुमारे ६५,००० हेक्टरांचे हे अभयारण्य विशाल क्रूगरला पुन्हा जोडले गेले. बाहेरून नवे नर येणे आणि हरलेल्या नरांना निघून जायला जागा असणे, या दोन्ही गोष्टी त्यामुळे शक्य झाल्या.

एकत्र राहून हद्द राखणाऱ्या नरांच्या गटासाठी मराठीत ‘युती’ हा शब्द रूढ होऊ लागला आहे. निवडणुकीच्या बातम्यांतून आलेला हा शब्द थोडी दिशाभूल करतो, कारण त्यातून सोयीपुरते जमलेले एकत्र येणे सूचित होते. टांझानियातील सेरेंगेटीच्या गवताळ प्रदेशात १९६६ पासून चालत आलेल्या अभ्यासातून वेगळे चित्र पुढे आले. दोघा-तिघांच्या गटात परके नर असू शकतात; पण चार किंवा त्याहून अधिक नरांचे गट बहुधा एकाच कळपात वाढलेल्या भावाभावांचे असतात. आपल्याकडचा ‘भाऊबंद’ हा शब्द येथे अधिक नेमका बसला असता, असे मला वाटते. मापोगोंपैकी पाच जण एकाच कळपात जन्मले होते; माखुलू हा वयाने मोठा असलेला सहावा नर लहान वयातच त्यांच्यात येऊन मिसळला होता. प्रौढ झालेले सहा नर एकत्र टिकणे ही दुर्मीळ गोष्ट आहे आणि त्यांच्या पुढील साऱ्या यशाचे मूळ त्या संख्येतच आहे.

आता नावाकडे येऊ. ‘मापोगो’ हे नाव सिंहांसाठी घडवलेले नाही. १९९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेकडील प्रांतात, व्यापाऱ्यांवरील हल्ले आणि खून वाढल्यानंतर, कायदा हातात घेऊन संशयितांना फटके मारणारी एक संघटना उभी राहिली होती. पोलिसांवर विश्वास न उरलेल्या अनेकांना ती आधार वाटली, तर अनेकांच्या लेखी ती निव्वळ दहशत होती. तिच्या नावाचा पहिला शब्द या सहा सिंहांना चिकटला. म्हणजे माणसांच्या जगातील शिक्षा आणि सूड यांचा अर्थ त्यांच्या प्रत्येक कृतीला आपोआप लागू झाला. त्यात भर म्हणजे निरनिराळ्या भागांतील गाइड एकाच सिंहाला निरनिराळी नावे देत. आयाळीच्या ठेवणीमुळे ज्याला कुणी ‘मिस्टर टी’ म्हणत, त्यालाच दुसरीकडे ‘सैतान’ म्हटले जाई. ज्याचे नावच सैतान, त्याच्याविषयीची नोंद तटस्थ कशी राहणार?

वास्तविक माग काढणाऱ्यांचे काम अतिशय संयमाचे असते. उघड्या जीपच्या पुढच्या आसनावर बसलेला स्थानिक शांगान जमातीचा माणूस पहाटे मातीच्या रस्त्यावरचा ठसा पाहतो आणि त्यावर दव पडले आहे की दवावर ठसा उमटला आहे, यावरून सिंह किती वेळापूर्वी गेला ते सांगतो. सिंहाची ओळख मिशांच्या वरच्या ठिपक्यांच्या रांगेवरून पटवतात, कारण ती रांग प्रत्येक सिंहाची वेगळी असते आणि आयुष्यभर बदलत नाही. इतक्या बारकाईने पाहणाऱ्यांच्या नोंदी पुढे आकड्यांच्या खेळात हरवल्या. मापोगोंनी चाळीसहून अधिक सिंह मारले असे सांगितले जाते आणि काही ठिकाणी हा आकडा शंभरावर जातो. या बेरजेत प्रौढ नर, सिंहिणी आणि छावे सरसकट धरले जातात. छाव्यांना मारणे हे कब्जा घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नरगटाचे वर्तन आहे. लहान छावे सोबत असताना सिंहीण सहसा माजावर येत नाही, नरांच्या हाती सत्तेची वर्षे सरासरी दोन-तीनच असतात आणि छावे गेले की ती लवकर माजावर येते. मापोगोंनी हे अधिक विस्तीर्ण हद्दीत केले, एवढाच फरक मला दिसतो. मारलेल्या सिंहांचे मांस त्यांनी खाल्ल्याच्या नोंदी मात्र खरोखर वेगळ्या आहेत आणि त्या दडवण्याचे कारण नाही.

पुढे सहा जणांत फूट पडली. मिस्टर टी आणि किंकी टेल हे दोघे वेगळ्या भागात हद्द राखू लागले. संख्येचे बळ येथेच संपले. जून २०१० मध्ये माजिंगिलाने नावाचा पाच नरांचा गट त्यांच्या हद्दीत शिरला. त्यातील एकाला या दोघांनी मारले; पण उरलेल्या चौघांनी किंकी टेलला ठार केले. मिस्टर टी परत भावांकडे गेला आणि तेथे त्याने भावांच्याच छाव्यांवर हल्ले केल्याच्या नोंदी आहेत. मार्च २०१२ मध्ये सेलाती नावाच्या दुसऱ्या नरगटाने त्याला गाठून ठार केले. उरलेल्यांपैकी माखुलू आणि प्रिटी बॉय हे दोघे क्रूगरच्या बाजूला सरकले आणि कालांतराने दिसेनासे झाले. कुंपण नसल्याचा हा दुसरा अर्थ.

माजिंगिलाने नरांनीही जिंकलेल्या हद्दीत छावे मारले आणि पुढे कित्येक वर्षे तेथे राज्य केले. त्यांच्या नावाचा शांगान भाषेतील अर्थ रात्रीचा पहारेकरी असा आहे आणि त्यांच्या बळींची बेरीज सहसा कुणी मांडत नाही.