स्मृतिलोप म्हणजे डिमेन्शिया नव्हे

डोक्याला मार लागून एखाद्याला काही लक्षात राहेनासं झालं, की घरातले परस्पर ठरवून टाकतात, "डिमेन्शिया झालाय." विसरणं दोन्हीकडे असतं, म्हणून हा घोटाळा.

आजीला नुसता स्मृतिलोप म्हणजे अॅम्नेशिया असेल, तर ती चहा झकास करेल. पण कप विसळून ठेवला की थोड्या वेळाने पुन्हा आधण ठेवेल. डिमेन्शिया वाढलेल्या आजीचा आधी पाणी की आधी पूड इथेच गोंधळ उडतो. तिथे भाषा, हिशेब, समज हेही ढासळतं आणि सहसा ढासळतच जातं. अल्झायमर हे त्याचं सर्वांत मोठं कारण.

अॅम्नेशियाचं गाजलेलं उदाहरण हेन्री मोलेसनचं. १९५३ साली अमेरिकेत फेफरं थांबवण्यासाठी या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतला दोन्हीकडचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी पक्क्या करणारा भाग, बराचसा काढला. फेफरं कमी झालं, बुद्धी शाबूत राहिली, पण नवी आठवण टिकेना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत हात सफाईदार चालू लागला. आपण हे काल केलंय, हे मात्र त्याच्या गावीही नव्हतं!

पुनर्वसन उभं राहतं ते सरावाने शिकण्याच्या याच शिल्लक राहिलेल्या वाटेवर. बदाम खाऊन किंवा पाढे घोकून गेलेला हिप्पोकॅम्पस परत येत नाही. त्यापेक्षा वही, मोबाइलचा गजर, कपाटावरच्या चिठ्ठ्या कामी येतात, आणि त्या वापरायची सवय रोज तशीच करून अंगवळणी पाडावी लागते. डिमेन्शियात हेच उपाय चालतात, फक्त आजार पुढे सरकेल तसे ते सोपे करत जावं लागतं.

भेटायला येणारे मात्र हमखास विचारतात, "ओळख बघू, मी कोण?" मानसशास्त्रज्ञ अॅलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की गंभीर स्मृतिलोप असलेल्यांना अंदाज बांधायला न लावता थेट बरोबर उत्तर दिलं, तर ते जास्त शिकतात. आपण चूक केल्याचं आपल्याला आठवतं, म्हणून आपण ती टाळतो. त्यांना ती आठवत नाही. तोंडातून एकदा निघालेलं चुकीचं नाव तेवढं मुरतं, आणि पुढच्या वेळी तेच आधी बाहेर येतं.

म्हणून परीक्षा न घेता दारातूनच सांगावं, "मावशी, मी सुनीता, तुझी भाची. आत्ताच आले."