दीड हजार मीटरचे ७०५ गुण

त्र्यंबकला राहणारा माझा सतरा वर्षांचा भाचा गेल्या हिवाळ्यात चार दिवस नाशिकला मुक्कामाला आला होता. एके दिवशी पहाटे, तोंडातून वाफ निघावी अशा थंडीत, त्याने शहरातल्या एका मातीच्या मैदानावर १५०० मीटर अंतर ४ मिनिटे २० सेकंदांत धावून दाखवले. त्यानंतर टपरीवर चहा पिताना मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर मी त्या वेळेचे डेकॅथलॉनच्या, म्हणजे दहा क्रीडाप्रकारांच्या स्पर्धेच्या, कोष्टकानुसार गुण काढले, तेव्हा उत्तर आले ८१२. केव्हिन मायर या फ्रेंच खेळाडूने सप्टेंबर २०१८ मध्ये फ्रान्समधील तालाँस येथे ९१२६ गुणांचा विश्वविक्रम केला, त्या वेळी त्याला याच शर्यतीत ४ मिनिटे ३६.११ सेकंद लागले होते आणि त्याचे गुण होते ७०५. त्र्यंबकचा एक पोरगा जगातल्या सर्वोत्तम अष्टपैलू खेळाडूपेक्षा १०७ गुणांनी पुढे! ही तुलना अर्थातच न्याय्य नाही, कारण मायरच्या अंगात आधीच्या नऊ क्रीडाप्रकारांचा शीण होता आणि भाचा नुकताच झोपेतून उठून आला होता. पण शीण हे त्या फरकाचे एकमेव कारण नाही, किंबहुना ते मुख्य कारणही नाही.

ऑलिंपिक असो वा जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, पुरुषांच्या डेकॅथलॉनमध्ये दोन दिवसांत दहा क्रीडाप्रकार पार पाडावे लागतात. पहिल्या दिवशी १०० मीटर धावणे, लांब उडी, ७.२६ किलोचा गोळा फेकणे, उंच उडी आणि ४०० मीटर धावणे; दुसऱ्या दिवशी ११० मीटर अडथळ्यांची शर्यत, थाळीफेक, बांबू उडी, भालाफेक आणि अगदी शेवटी १५०० मीटर. कोण कितवा आला याला इथे महत्त्व नाही. प्रत्येक कामगिरीचे ठरावीक सूत्राने गुण होतात, त्यांची बेरीज होते आणि ज्याची बेरीज मोठी तो जिंकतो. म्हणजे एखादा खेळाडू दहापैकी एकाही प्रकारात पहिला न येता विजेता होऊ शकतो.

सध्याचे सूत्र १९८५ च्या कोष्टकातले आहे आणि त्याचा सांगाडा शाळकरी गणिताच्या आवाक्यातला आहे. धावण्याच्या प्रकारांत एक संथ वेळ शून्य गुणांची मानली जाते, १०० मीटरसाठी १८ सेकंद आणि १५०० मीटरसाठी ८ मिनिटे. त्या वेळेपेक्षा खेळाडूने जितके सेकंद वाचवले, त्या आकड्याचा एक विशिष्ट घात करायचा आणि त्याला एका स्थिरांकाने गुणायचे. उड्या आणि फेकींतही असेच, फक्त तिथे शून्याची रेषा अंतराची किंवा उंचीची असते. उत्तरातला अपूर्णांक सोडून द्यायचा. सारी मेख त्या घातांकात आहे. गोळाफेकीचा घातांक १.०५ आहे, म्हणजे जवळजवळ १. त्यामुळे गोळा १० मीटरवरून ११ मीटरवर नेला तर ६० गुण वाढतात आणि १५ वरून १६ वर नेला तर ६१. लांब उडीचा घातांक मात्र १.४ आहे, आणि तिथे ५ मीटरवरून ६ वर गेल्यास २०५, ६ वरून ७ वर गेल्यास २२७ आणि ७ वरून ८ वर गेल्यास २४७ गुण मिळतात. धावण्याच्या शर्यतींचे घातांक १.८ ते १.९ च्या घरात आहेत. वरच्या पातळीवर शेवटचा अंश मिळवणे अधिक कठीण असते, त्याचा मोबदला धावणाऱ्याला आणि उडी मारणाऱ्याला मिळतो, फेकणाऱ्याला जवळपास नाहीच.

कोष्टक म्हणजे निव्वळ मोजपट्टी असते असे ज्यांना वाटते, त्यांनी डेली थॉम्पसनचा किस्सा ऐकावा. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या ब्रिटिश खेळाडूने ८७९७ गुण मिळवून सुवर्णपदक राखले, पण पश्चिम जर्मनीच्या युर्गन हिंगसेनच्या विश्वविक्रमाला तो एका गुणाने मुकला. पुढे १९८६ मध्ये अडथळ्यांच्या शर्यतीचे छायाचित्र पुन्हा तपासले गेले. तेव्हा थॉम्पसनची वेळ १४.३४ नसून १४.३३ सेकंद असल्याचे दिसले आणि तो एक गुण त्याच्या पदरात पडला. दोघे ८७९८ वर बरोबरीत आले. पण तोवर नवे कोष्टक आले होते आणि त्यानुसार मोजल्यावर थॉम्पसनचे ८८४७ झाले, हिंगसेनचे ८८३२. त्याच उड्या, त्याच फेकी, त्याच वेळा. जुन्या मापाने बरोबरी आणि नव्या मापाने १५ गुणांची आघाडी. कुठल्या घडणीचा खेळाडू ‘सर्वोत्तम’ ठरेल, हे मैदानाइतकेच सूत्रावरही ठरते, असे मला वाटते ते यामुळेच.

मग हे सूत्र कोणत्या घडणीच्या शरीराला झुकते माप देते? मायरच्या विक्रमाचा ताळेबंद पाहिला की उत्तर मिळते. दहापैकी तीनच प्रकारांत त्याने हजाराचा आकडा ओलांडला: ७.८० मीटर लांब उडीत १०१०, १३.७५ सेकंदांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत १००७ आणि ५.४५ मीटर बांबू उडीत १०५१. तिन्ही ठिकाणी मुळाशी आहे तो धावेचा वेग. १०० आणि ४०० मीटर तर उघडच वेगाचे प्रकार आहेत. म्हणजे एक वेगवान पाय किमान पाच खात्यांत जमा होतो.

बांबू उडीचे उदाहरण थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. खेळाडू साडेचार-पाच मीटर लांबीचा बांबू (तो आता तंतुकाचेचा किंवा कार्बनच्या धाग्यांचा असतो, पण आपल्याकडे नाव अजून बांबूच) हातात धरून धावत येतो, त्याचे टोक जमिनीतल्या खाचेत रोवतो, बांबू धनुष्यासारखा वाकतो आणि सरळ होताना खेळाडूला वर उचलतो. धावेतली गतिज ऊर्जा बांबूच्या वाकण्यात साठते आणि पुढे उंचीत बदलते. संपूर्ण ऊर्जा उंचीत बदलली असे धरले, तर सेकंदाला ९ मीटर वेगाने येणाऱ्याचा गुरुत्वमध्य सुमारे ४.१ मीटर वर जाईल. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य आधीच जमिनीपासून मीटरभर उंच असतो, म्हणजे झाले ५.१, उरलेले काम उलट्या लटकलेल्या देहाला वर ढकलणारे दंड आणि खांदे करतात. तोच वेग सेकंदाला ८ मीटर असेल, तर ४.१ च्या जागी जेमतेम ३.३ मीटर मिळतात. या गणितात खेळाडूचे वजन कुठेच येत नाही, वेगाचा मात्र वर्ग येतो. मायरच्या उंचीवर १० सेंटिमीटरचे मोल सुमारे ३२ गुण आहे, हे लक्षात घेतले की वेगाला डेकॅथलॉनमध्ये एवढी किंमत का, हे समजते.

वेग आणि दम ही एकाच शरीरात सुखाने नांदणारी जोडी नाही. आपल्या स्नायूंत झपाट्याने आकुंचन पावणारे पण लवकर थकणारे तंतू असतात आणि सावकाश चालणारे पण चिवट तंतूही असतात. त्यांचे प्रमाण बऱ्याच अंशी जन्मतः ठरते आणि सरावाने काही मर्यादेतच बदलते. १०० मीटरच्या दहा-अकरा सेकंदांत स्नायू मुख्यतः आपल्यात आधीच साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेटवर आणि ऑक्सिजनविना होणाऱ्या साखरेच्या विघटनावर चालतात. ४०० मीटरमध्ये या दुसऱ्या मार्गावर इतका भार पडतो की शेवटच्या शंभर मीटरला पाय शिशाचे होतात. १५०० मीटरला मात्र बहुतांश ऊर्जा ऑक्सिजनच्या साहाय्याने तयार होते, आणि तिथे फुप्फुसे, हृदय व चिवट तंतू यांचे राज्य असते. गोळा आणि थाळी फेकण्यासाठी कमावलेले भारदस्त खांदे त्या पावणेचार फेऱ्यांत नुसते ओझे होऊन बसतात. दहा प्रकारांत दमाची खरी परीक्षा घेणारा प्रकार हा एकच. म्हणून बहुतेक खेळाडू त्यासाठी फार सराव करत नाहीत. १५०० चा एक सेकंद वाचवला तर साधारण साडेसहा गुण मिळतात आणि १०० मीटरमध्ये दशांश सेकंद वाचवला तर तेवीस. सरावाचे तास मोजकेच असतात, तेव्हा ते कुठे खर्च करायचे हा हिशोब कुणालाही करता येतो.

नाशिककरांसाठी यात थोडी टोचणारी गोष्ट आहे. आपल्या जिल्ह्याने देशाला दिलेले मोठे धावपटू लांब पल्ल्याचे आहेत. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतराचे रौप्यपदक मिळवले, आणि तेव्हापासून डोंगरपाड्यांवरच्या पोरापोरींना पळण्याचे वेड लागले ते आजही कायम आहे. पण दमाचा हा गुण डेकॅथलॉनच्या कोष्टकात एकाच खात्यात जमा होतो. भारताच्या अलीकडच्या यशाचे उदाहरणही हेच सांगते. २०२३ मध्ये हांगझू येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत तेजस्विन शंकरने ७६६६ गुणांसह डेकॅथलॉनचे रौप्यपदक मिळवले, १९७४ नंतर या स्पर्धेत या प्रकारातले आपले ते पहिलेच पदक. आणि तेजस्विन मुळात उंच उडीचा खेळाडू आहे, लांब पल्ल्याचा धावपटू नव्हे.

भाच्याला हे सारे सांगितल्यावर त्याने आणखी तीन प्रकार करून पाहायचे ठरवले. १०० मीटरला माझ्या हातातल्या स्टॉपवॉचने १२.१ सेकंद दाखवले. पिस्तुलाचा आवाज ऐकून, किंवा आमच्या बाबतीत शिट्टी ऐकून, बोट दाबायला जो विलंब लागतो त्यापायी हातघड्याळाच्या अशा वेळेत ०.२४ सेकंद मिळवायचे असतात, म्हणून १२.३४ आणि गुण ५८६. लांब उडी बरोबर ५ मीटर, गुण ३८२. मैदानावरच्या सरांकडून मागून घेतलेला मोठ्यांचा गोळा त्याने ७ मीटरवर नेला, म्हणण्यापेक्षा तो तिथवर कसाबसा गेला, गुण ३०७. चार प्रकारांची बेरीज २०८७. मायरच्या याच चार प्रकारांची बेरीज ३५२९ होते. दमाने कमावलेले १०७ गुण एकट्या १०० मीटरमध्ये तिपटीहून अधिक भावाने परत गेले होते.

“मामा, मग एवढं पळून काय उपयोग?” त्याने विचारले. त्याचे उत्तर माझ्याकडे होते, ते म्हणजे निकलास काउल. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत हा २१ वर्षांचा जर्मन मुलगा वेगात अनेकांच्या मागे होता. विश्वविक्रमवीर मायर आघाडीवर असताना बांबू उडीच्या वेळी दुखापतीमुळे बाहेर पडला, त्यानंतर काउलने भाला ७९.०५ मीटरवर फेकला आणि १५०० मीटर ४ मिनिटे १५.७० सेकंदांत धावून ८६९१ गुणांसह तो जगज्जेता झाला. त्या दोन प्रकारांतच त्याने १८६९ गुण मिळवले. तेव्हा दम अगदीच वाया जात नाही, पण त्याच्या जोडीला हातात भाला लागतो. २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेतही लिओ नॉयगेबाउरने ८८०४ गुणांनी सुवर्ण जिंकले ते आयडेन ओवेन्स-डेलर्मेपेक्षा केवळ २० गुणांनी, म्हणजे १५०० मीटरच्या भाषेत सुमारे तीन सेकंदांनी. हा नॉयगेबाउर दोन मीटर उंचीचा, धिप्पाड गडी आहे. त्याला त्या शेवटच्या फेरीत काय वाटले असेल, ते चहा पितापिता बोलणाऱ्यांनी न बोललेले बरे.

लांब उडीत मात्र मला एक गोष्ट खटकली होती. वाळूच्या अलीकडची लाकडी फळी जवळ आली की भाचा पावले आखडायचा आणि फळीच्या चांगला वीतभर मागूनच उडायचा. अंतर मोजले जाते ते फळीच्या पुढच्या कडेपासून, त्यामुळे खाली टेकून मी बोटांनी मोजले तेव्हा सुमारे २० सेंटिमीटर वाया जात होते. ती उडी ५.२० मीटरची धरली तर गुण होतात ४२१, म्हणजे ३९ गुण मातीत. तेवढेच गुण १५०० मध्ये वाढवायचे, तर त्याला पावणेसहा सेकंद कमी करावे लागतील आणि त्यात एक अख्खा हंगाम जाईल. भीती मात्र खरी आहे, कारण फळीच्या पुढे पाय पडला की उडी बाद. २०१८ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या युरोपीय स्पर्धेत खुद्द मायरच्या तिन्ही उड्या अशाच बाद झाल्या, लांब उडीत शून्य गुण आले आणि त्याने स्पर्धा सोडली. विश्वविक्रम झाला तो त्यानंतर महिनाभराने, एरवी त्या हंगामात त्याला त्या दोन दिवसांची गरजच पडली नसती.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाच्याने फळीपासून उलटे धावत पावले मोजली, पंधरावे पाऊल पडले तिथे विटेच्या तुकड्याने रेघ ओढली आणि तिथूनच धाव घ्यायला सुरुवात केली. पहिल्या उडीला पाय फळीच्या पुढे गेला. रेघ जरा मागे सरकवली. तिसऱ्या उडीला पाय फळीवर पडला, टेपवर ५.१७ आले आणि ३८२ चे ४१५ झाले.