गोबरगॅस (घरगुती बायोगॅस)

जनावरांचे शेण किंवा घरातले खरकटे हवाबंद टाकीत कुजवून मिळणारा ज्वलनशील वायू म्हणजे गोबरगॅस. तो तयार करणाऱ्या संचालाही बोलताना तेच नाव वापरतात. सरकारी कागदांत आणि अलीकडच्या लिखाणात ‘बायोगॅस’ असते. घरचे इंधन घरीच तयार करण्याच्या जितक्या आधुनिक पद्धती भारतात आल्या, त्यांत ही सर्वांत जुनी आणि सर्वाधिक पसरलेली. उभारलेल्या घरगुती संचांच्या संख्येत महाराष्ट्र देशात आघाडीवर असून राज्यातला आकडा नऊ लाखांच्या आसपास आहे. हा आकडा बांधलेल्या संचांचा आहे. त्यांतले आज किती पेटतात, हा वेगळा हिशोब, आणि गोबरगॅसची बरीचशी गोष्ट या दोन आकड्यांमधल्या अंतरातच आहे.

वायू कसा तयार होतो

शेण उघड्यावर पडले की ते हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्याने कुजते आणि त्यातली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हवा कोंडली की काम वेगळ्या सूक्ष्मजीवांच्या हाती जाते. काही जीवाणू सेल्युलोज, स्टार्च, प्रथिने यांचे विघटन करतात, काही त्यापासून आम्ले तयार करतात आणि शेवटी मिथेनजनक सूक्ष्मजीव त्या आम्लांपासून मिथेन बनवतात. गुरांच्या पोटात हे सूक्ष्मजीव मुळातच असतात. म्हणून शेणाला बाहेरून विरजण लावावे लागत नाही. निव्वळ खरकट्यावर चालणारा संच सुरू करताना मात्र आधी शेण किंवा चालू संचातली मळी (संचातून बाहेर पडणारा कुजलेला पातळ लगदा) घालावी लागते.

तयार वायूत साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन, ३० ते ४० टक्के कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि थोडासा हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो या शेवटच्या घटकाचा. नीट जळणाऱ्या वायूला वास राहत नाही आणि भांडी काळी होत नाहीत. एक घनमीटर गोबरगॅस उष्णतेच्या हिशोबाने सुमारे ०.४५ किलो एलपीजीच्या बरोबरीचा, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरची जागा घ्यायला ३२ घनमीटरच्या आसपास वायू लागतो. तेवढ्या वायूसाठी लागणाऱ्या शेणाचे गणित गावोगावचे गवंडी तोंडपाठ सांगतात: २५ किलो ओल्या शेणाला एक घनमीटर. चार-पाच जनावरांच्या गोठ्यावर दोन घनमीटरचा संच चालतो आणि पाच-सहा माणसांच्या घराचा दोन वेळचा स्वयंपाक त्यावर होतो. कागदावर हा संच महिन्याला जवळजवळ दोन सिलिंडरांएवढा वायू देतो. प्रत्यक्षात थंडी, चारापाणी आणि घरातल्यांची हौस यांनुसार तो कमी-जास्त होतो.

गोवरीशी तुलना केल्याशिवाय गोबरगॅसचे महत्त्व कळत नाही. तेच शेण थापून, वाळवून साध्या चुलीत घातले तर त्यातली जेमतेम दहाव्या हिश्श्याची उष्णता भांड्याखाली लागते, बाकीची धुरासकट निघून जाते. आणि शेतासाठी उरते ती राख. गोबरगॅसच्या चांगल्या शेगडीची कार्यक्षमता ५५ टक्क्यांच्या आसपास असते. शिवाय वायू काढून घेतल्यावरही शेणातला नत्र बहुतांश मळीत शिल्लक राहतो. एकाच शेणातून इंधन आणि खत दोन्ही मिळण्याची सोय शेतकऱ्याच्या घरात दुसऱ्या कुठल्याही साधनाने होत नाही.

इतिहास

दलदलीतून निघणाऱ्या पेटत्या वायूचा पहिला शास्त्रशुद्ध अभ्यास इटलीतील आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ मध्ये केला. इंग्लंडमधील एक्सेटर शहरात १८९५ मध्ये मैलापाण्याच्या वायूवर रस्त्यावरचे दिवे लागले. भारतातील पहिला प्रयोग मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात झाला, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. त्यासाठी १८५९ हे साल पुष्कळ ठिकाणी छापले जाते. पण तो आश्रमच १८९० मध्ये उभा राहिला, त्यामुळे १८९७ हे साल स्वीकारणे योग्य.

शेणावरचा घरगुती संच मात्र स्वतंत्रपणे वाढला. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्यावर काम सुरू झाले. जशभाई पटेल यांनी १९५१ मध्ये तरंगत्या टाकीचा ‘ग्रामलक्ष्मी’ हा आराखडा केला, आणि पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस तो उचलून देशभर नेला. खेड्यापाड्यांत गोबरगॅस म्हटले की आजही डोळ्यांसमोर येते ती हीच विहिरीवर उपडी घातलेली लोखंडी टाकी.

महाराष्ट्रात या कामाला सफाईच्या चळवळीची जोड मिळाली, हे त्याचे वेगळेपण. कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे अप्पासाहेब पटवर्धन यांनी मानवी मैल्याचे खत आणि वायू करण्याचा विचार आग्रहाने मांडला. त्यांच्या प्रेरणेने देहू येथे वैद्यकीय अधिकारी म्हणून आलेले डॉ. सुहास मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेला ‘मलप्रभा’ हा संच विकसित केला. मापुसकरांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. संडासच्या गॅसवर भाकरी भाजायची या कल्पनेने नाक मुरडणारे पुष्कळ होते आणि आहेत. शेणाला पवित्र मानणाऱ्या समाजात हा अडसर तांत्रिक नव्हता. तरीही शौचालय जोडल्यामुळे जनावरे कमी असलेल्या घरांत वायूला थोडा हातभार लागतो, आणि मैला उघड्यावर जात नाही हा त्याहून मोठा फायदा.

१९८१-८२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू केला आणि अनुदानाचे युग आले. महाराष्ट्रात ते जिल्हा परिषदेच्या कृषी विभागामार्फत पोचते. संख्या भराभर वाढली ती याच काळात.

संचाचे प्रकार

तरंगत्या टाकीच्या संचात जमिनीत विटांची विहीर असते आणि त्यावर लोखंडी टाकी उपडी. वायू साठला की टाकी वर येते, वापरला की खाली बसते. आत किती गॅस आहे हे अंगणातून नुसते पाहून कळते आणि टाकीच्या वजनामुळे दाब सारखा राहतो. गंज हा तिचा शत्रू. वर्षा-दोन वर्षांनी खरवडून रंग द्यावा लागतो. लोखंड महागले तसा हा प्रकार मागे पडला.

१९७८ मध्ये उत्तर प्रदेशातील अजितमल येथे स्थिर घुमटाचा ‘जनता’ संच आला आणि १९८४ मध्ये ‘अ‍ॅफप्रो’ (अ‍ॅक्शन फॉर फूड प्रॉडक्शन) या संस्थेने त्यात सुधारणा करून ‘दीनबंधू’ संच तयार केला. महाराष्ट्रात आज बहुतेक बांधकाम दीनबंधूचेच. हा पूर्ण जमिनीखाली असतो: खाली वाटीसारखा तळ, वर विटांचा घुमट. घुमटात वायू साठू लागला की तो शेणकाल्याला (शेण-पाण्याच्या मिश्रणाला) रेटून बाहेरच्या कुंडीत चढवतो, आणि शेगडी पेटली की काला परत आत उतरतो. यात लोखंड नाही, हलणारा भाग नाही, खर्च कमी आणि आयुष्य वीस वर्षांहून जास्त. पण सगळी भिस्त गवंड्याच्या हातावर. घुमटाच्या गिलाव्यात केसाएवढी भेग राहिली तरी गॅस तिथून निघून जातो आणि घरच्यांना वाटते, आपले शेणच कमी पडते आहे. शिकलेला गवंडी नसताना अनुदानाची मुदत गाठण्यासाठी उरकलेली बांधकामे पहिल्याच वर्षी बंद पडली, अशी उदाहरणे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत.

शहरासाठी वेगळी वाट पुण्याच्या ‘आरती’ (समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्था) या संस्थेने काढली. संस्थेचे डॉ. आनंद कर्वे हे वनस्पतिशास्त्रज्ञ. शेण म्हणजे जनावराने एकदा पचवून पोषण काढून घेतलेला माल. मग सूक्ष्मजीवांना थेट अन्नच का देऊ नये, हा त्यांचा प्रश्न होता. पिष्टमय किंवा साखरयुक्त पदार्थांचे एक-दोन किलो पीठ जेवढा वायू एका दिवसात देते, तेवढ्यासाठी शेण चाळीस किलो लागते, असे त्यांनी दाखवून दिले. त्यामुळे टाकी लहान झाली. बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या दोन पाण्याच्या टाक्या, एक हजार लिटरची आणि तिच्यात उपडी घातलेली साडेसातशेची, एवढ्यात संच बसतो आणि तो बंगल्याच्या अंगणात किंवा गच्चीवरही ठेवता येतो. या संचाला २००६ मध्ये स्वच्छ ऊर्जेसाठीचा ब्रिटनमधला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. शिळी पोळी, भात, नासलेली फळे, खराब झालेले पीठ, पेंड हे त्याचे खाद्य. अडचण एवढीच की चौकोनी कुटुंबाच्या घरात रोजचे खरकटे एका चहा-नाश्त्यापुरत्या गॅसएवढेच निघते. शेजारच्या खानावळीशी किंवा गिरणीशी संधान बांधले तर पूर्ण स्वयंपाक निभावतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेली ‘निसर्गऋण’ पद्धतही ओल्या कचऱ्यावरच चालते, पण ती सोसायट्या, उपाहारगृहे आणि नगरपालिका यांच्या मापाची आहे.

रोजचे काम

सकाळी गोठा काढला की शेण संचाच्या कुंडीत टाकतात, तेवढेच पाणी ओततात आणि कालवतात. काल्याचा दाटपणा आमटीएवढा हवा. कालवताना गवताच्या काड्या, धाटांचे तुकडे, खडे हाताने वेचून काढावे लागतात. ते आत गेले तर वर तरंगून साय धरतात आणि तळाला गाळ साचतो. मग बोळा काढला की काला आत उतरतो आणि पलीकडून तेवढीच जुनी मळी बाहेर पडते. तरंगती टाकी असेल तर तिला मूठ धरून दोन फेरे द्यायचे, म्हणजे साय फुटते. सगळे काम अर्ध्या तासाचे. ते जवळजवळ नेहमी घरातल्या बाईच्या वाट्याला येते, आणि गोबरगॅसचे गुण सांगणारी पत्रके हा अर्धा तास सहसा मोजत नाहीत. सरपण आणायचे कष्ट आणि चुलीचा धूर वाचतो हे खरे. म्हणून जिथे सरपण लांबून आणावे लागते तिथे बाया हा सौदा आनंदाने करतात. दारात सिलिंडर येऊ लागले की तोच अर्धा तास जड वाटतो.

संच बिघडण्याची कारणे ठरलेली आहेत. एका दिवसात जास्त खाद्य घातले, विशेषतः पिठाचे, तर आम्ल वाढते, मिथेनजनक जीव मागे पडतात आणि गॅस येऊनही पेटत नाही. उपाय म्हणजे काही दिवस खाद्य बंद ठेवणे. फिनेल किंवा साबणाचे पाणी आत गेले तर सूक्ष्मजीव मरतात. गोठा फिनेलने धुवून तेच पाणी कुंडीत सोडणे ही नेहमीची चूक. लिंबाच्या साली, नारळाच्या शेंड्या, अंड्यांची टरफले यांचा उपयोग नाही. शेगडीची ज्योत भकभक करू लागली तर नळीत पाणी साचले आहे असे समजावे आणि पाणी काढायची टोटी उघडावी. शेगडी एलपीजीची चालत नाही, कारण गोबरगॅसला हवेचे प्रमाण फार कमी लागते आणि छिद्रे मोठी हवीत.

थंडी हा सर्वांत मोठा अडथळा. सूक्ष्मजीवांना ३५ अंश सेल्सियसच्या आसपासची ऊब मानवते. पंधरा अंशांच्या खाली वायू अगदी मंदावतो. म्हणून शेण आत राहण्याचा काळ उष्ण प्रदेशात ३० दिवसांचा, तर डोंगराळ थंड भागात ५५ दिवसांपर्यंत धरतात आणि त्या मानाने टाकी मोठी बांधतात. पौषात काला उन्हात तापलेल्या पाण्यात कालवणे आणि घुमटावर पाचट पसरणे, एवढे घरगुती उपाय बऱ्यापैकी लागू पडतात.

नव्या संचातला पहिला वायू न पेटवता सोडून द्यावा, कारण त्यात हवा मिसळलेली असते आणि हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असले की स्फोट होऊ शकतो. रिकाम्या टाकीत उतरणे त्याहून धोक्याचे. आत ऑक्सिजन नसतो, हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि आधी उतरलेल्याला काढायला गेलेली दुसरी व्यक्तीही मरते.

मळी आणि सद्यस्थिती

बाहेर पडणाऱ्या मळीला वास नसतो, तिच्यावर माश्या बसत नाहीत आणि तणांचे बी तिच्यात बहुतेक मेलेले असते. ताजी मळी पाटाच्या पाण्याबरोबर सोडली तर उत्तम. उन्हात वाळवली तर नत्राचा मोठा वाटा अमोनियाच्या रूपात उडून जातो. म्हणून ती पालापाचोळ्यात मुरवून कंपोस्ट करतात. सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानासारख्या संस्थांनी बायोगॅसला गोपालन आणि परसबाग यांची जोड देऊन हे काम पुढे नेले आहे.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गावोगाव एलपीजी पोचला. त्याच्या आधीपासूनच ट्रॅक्टरमुळे बैल कमी होत होते, चाऱ्याअभावी गुरे विकली जात होती, वाटण्यांमध्ये गोठे मोडत होते. दारात एकच गाय उरलेल्या घरी दोन घनमीटरचा संच म्हणजे रिकामा हौद. बंद संचांवर पुन्हा खर्च करण्यापेक्षा नवे बांधून संख्या वाढवण्याकडे योजनांचा कल राहिला, आणि त्याची फळे आकडेवारीत दिसतात. गळती हा दुर्लक्षित प्रश्नही आहेच: शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेनची तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट असल्याने, भेगाळलेला घुमट वातावरणाला शेणाच्या उघड्या उकिरड्यापेक्षाही जड जाऊ शकतो.

दुभत्या जनावरांचे गोठे वाढलेल्या भागांत मात्र परिस्थिती उलट आहे. तिथे शेण भरपूर, रासायनिक खत महाग. विटांच्या संचाऐवजी जाड प्लास्टिकच्या फुगेवजा पिशव्या अंगणात दिसू लागल्या आहेत. त्या दिवसाभरात बसतात आणि जागा बदलता येते, पण उन्हाने आणि उंदरांनी खराब होतात. अशा घरांत शेगडीवर चहा होतो आणि दुधाला उकळी येते, भाकरीसाठी सिलिंडर असतोच, आणि संच कशासाठी चालू ठेवला आहे असे विचारले तर शेतकरी आधी मळीचे नाव घेतो.